गंगापूर रोडवरील स्त्रीरोग चिकित्सालय : एका रुग्णाचा अभिप्राय
पाळीत अतिरक्तस्राव होऊ लागल्याने मी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका स्त्रीरोग चिकित्सालयात गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात ३ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि हिमोग्लोबिन ८.९ निघाले (ते किमान १२ असावे). तरीही डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याची घाई केली नाही, उलट अशा फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या, गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात, हे कागदावर आकृती काढून समजावले. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या केवळ पाळीच्या दिवसांत घ्यायच्या होत्या, तर लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहापासून दूर ठेवून. आमच्याकडे दर दोन तासांनी चहाचे आधण चढते, त्यामुळे हेच पथ्य सर्वांत जड गेले. वेळ ठरवूनही दीड तास ताटकळावे लागले, हे मात्र खटकले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले आहे.