पिवळी रेघ तशीच होती

गाडी चाकांच्या सेटिंगसाठी, म्हणजे अलाइनमेंटला, दुकानात सोडण्याआधी लॉकनटवर (रॉडची लांबी पक्की धरणारा नट) आणि रॉडवर मिळून पेंट मार्करने एक रेघ मारून फोटो काढून ठेवा. मी ती निव्वळ सवयीने मारली होती, म्हणून वाचलो.

माझी १९९० ची सिव्हिक हॅचबॅक. घरी तिला ‘भंगार’ म्हणतात. एंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींचा ट्रॅक) २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून आम्ही न्यू जर्सीतले बरेच जण ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला जातो. या गाडीत पुढच्या लोअर आर्मपासून समोरच्या क्रॉसमेंबरपर्यंत एक रॉड असतो आणि त्याच्या टोकाला रबरी बुश. शर्यतीत सुटताना पुढची चाकं जोरात पुढे ओढतात, रबर दबतं आणि चाक उड्या मारायला लागतं. त्यावर इलाज म्हणजे ट्रॅक्शन बार: रबर जातं, त्या जागी रॉड एंड, म्हणजे धातूचा फिरता सांधा येतो आणि रॉडची लांबी आट्यांवर कमी-जास्त करता येते. लांबी बदलली की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, बदलतो.

बार मी स्वतः बसवला. पण माझा ड्राइव्हवे उताराचा, म्हणून सेटिंगला गाडी एका दुकानात दिली. ‘रेस अलाइनमेंट’चे ३८० डॉलर. संध्याकाळी रंगीत प्रिंटआउट हातात: कॅस्टर आधी वेगळा, नंतर दोन्हीकडे सारखा. मी खूश.

पहिल्याच रनला गाडी उजवीकडच्या भिंतीकडे निघाली. मी पाय काढला. दुकानदार फोनवर म्हणाला, “फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, टॉर्क स्टिअर असणारच.” म्हणजे जोर दिला की इंजिनच्या ओढीने स्टिअरिंग एका बाजूला जाणं. हे पटण्यासारखं होतं, हीच तर गोम. पटलंही मला, चक्क दोन आठवडे.

मग एकदा ऑइल बदलायला खाली शिरलो. टॉर्चच्या उजेडात दोन्ही लॉकनट आणि रॉड यांच्यावरून गेलेली माझी पिवळी रेघ, अखंड. नट सैल केल्याशिवाय रॉड फिरत नाही आणि या गाडीत कॅस्टर बदलायला दुसरी जागाच नाही. कागद पुन्हा काढला. कॅस्टर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, थोडा तरी हलतोच. इथे आधीचा आणि नंतरचा टो दशांशापर्यंत एकच! टेप लावली तर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर उजवीकडे ९ मिलिमीटर कमी. म्हणजे उजवं चाक मागे, तिकडे कॅस्टर कमी, गाडी तिकडेच ओढणार.

दुकानदाराचं उत्तर: “रेघ नंतर मारली असशील.” बार बसवला त्या रात्रीचा फोटो फोनमध्ये तारखेसकट होता, तो क्रेडिट कार्ड कंपनीला पाठवला. स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. माझे मोजकेच दिवस उरले होते. पैसे परत आले.

सेटिंग शेवटी मित्राच्या सपाट गॅरेजमध्ये केलं. ड्रायव्हर सीटवर माझ्या वजनाइतक्या बासमतीच्या गोण्या, २० पौंडांच्या आठ. गाडी चाकांवर उभी, स्टिअरिंग सरळ. उजव्या रॉडचा एका टोकाचा बोल्ट काढायचा, अर्धा आटा आत, बोल्ट परत, गाडी पुढेमागे ढकलून बसवायची, टेप. बोल्ट हाताने सरकन आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर रॉड ताणात आहे. दोन्हीकडचं अंतर जुळल्यावर लॉकनट आवळले आणि टो दुसऱ्या दुकानात, समोर उभं राहून करून घेतला.

रेघ या वेळी लाल मारलीय.