कम्युनिटी कॉलेजातलं डिझाइन, कमाई आणि कर्ज: ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ काही महिने वापरल्यावर

मुलीला ग्राफिक डिझाइन करायचंय आणि पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, कमी फीच्या सरकारी कॉलेजात) काढायची आहेत, हे ठरल्यापासून अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ही साइट आमच्याकडे रोज उघडते. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. इथल्या मराठी मंडळींत ‘कम्युनिटी कॉलेज’ आणि ‘डिझाइन’ एकत्र निघालं की काळजीचे चेहरे दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साइट फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. कॉलेजचं नाव टाकायचं, ‘फील्ड्स ऑफ स्टडी’त जायचं आणि ‘डिझाइन अँड अप्लाइड आर्ट्स’ उघडायचं. पदवी घेतलेल्यांची मीडियन (म्हणजे अर्धे वर, अर्धे खाली अशी मधली) कमाई, मीडियन कर्ज आणि त्या कर्जाचा महिन्याचा हप्ता तिथे दिसतो. कमाईचे आकडे सरकारी कर-नोंदींतून येतात. कॉलेजच्या रंगीत माहितीपत्रकातल्या ‘आमचे विद्यार्थी कुठे पोचले’ या पानापेक्षा माझा यावर कितीतरी जास्त विश्वास आहे.

पण पहिल्याच आठवड्यात लेकीने विचारलं, “आई, हे कमावणारे लोक नक्की कोण?” त्या प्रश्नामुळे मी साइटच्या तळटिपा वाचायला बसले आणि खरं काम तिथून सुरू झालं.

या आकड्यांत फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेतलेले विद्यार्थी येतात. पदरचे पैसे भरून शिकलेला मुलगा त्यात नसतो. कर्जाचा मीडियन तर फक्त कर्ज काढलेल्यांचा. शंभरातल्या दहा जणांनीच कर्ज काढलं असेल, तर तो आकडा त्या दहांचा. त्यात खासगी कर्ज धरत नाहीत, आणि आईवडिलांनी काढलेलं पेरेंट प्लस कर्ज वेगळं दाखवतात. शिवाय ‘डिझाइन अँड अप्लाइड आर्ट्स’ या एका नावाखाली ग्राफिक, इंटीरिअर, फॅशन, इंडस्ट्रिअल, इलस्ट्रेशन असं सगळं एकत्र येतं. या सगळ्यांचा मिळून काढलेला मीडियन ग्राफिकवाल्यांना कितपत लागू पडणार? आणि विद्यार्थी फार थोडे असतील तर गोपनीयतेसाठी आकडाच देत नाहीत. छोट्या कॉलेजांच्या डिझाइन विभागांच्या बाबतीत ही रिकामी जागा मला वारंवार दिसली.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कमाई मोजली त्या वर्षी जे शिकत होते, ते हिशेबात धरलेले नसतात. कम्युनिटी कॉलेजातून ज्यांचा पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाच्या नमुन्यांचा संग्रह) चांगला तयार होतो, त्यांतले बरेच जण तिसऱ्या वर्षाला चार वर्षांच्या कॉलेजात जातात. म्हणजे पदवीनंतर लगेचच्या कमाईत मुख्यतः दोन वर्षांवर थांबलेले उरतात. तो आकडा खोटा नाही, पण ज्या मुलीला पुढे जायचंय तिच्याबद्दल तो फारसं काही सांगत नाही. कामगार खात्याच्या आकडेवारीत मे २०२४ मध्ये ग्राफिक डिझायनरचा वार्षिक मीडियन पगार ६१,३०० डॉलर होता, आणि या कामात शिरायला साधारणपणे बॅचलर्स (चार वर्षांची पदवी) लागते असंच तेही सांगतात. म्हणून कमाईसाठी मी आता कम्युनिटी कॉलेजचं पान बघतच नाही, तिला जिथे ट्रान्सफर व्हायचंय त्या कॉलेजचं बघते.

कर्जाची बाजू मात्र या साइटमुळे फार स्वच्छ झाली. कॅलिफोर्नियात रहिवाशांना सेमिस्टर युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी आहे, म्हणजे ६० युनिट्सचे २,७६० डॉलर. कमी उत्पन्न असेल तर कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून तीही माफ होते. स्कोअरकार्डवरचा ‘वार्षिक खर्च’ याच्या कितीतरी पट दिसतो, कारण त्यात राहण्या-जेवण्याचा खर्चही धरलेला असतो. मूल घरी राहणार असेल तर तो आकडा बघून घाबरायचं कारण नाही. लॅपटॉप, अडोबीचं सबस्क्रिप्शन, छपाईचा खर्च आणि पार्किंग हे वेगळं धरा. छपाईला इतके पैसे लागतात हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

समजा, दोन्ही वर्षं फेडरल कर्जाची पूर्ण मर्यादा वापरली: पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५००, एकूण १२,००० डॉलर. २०२४-२५ च्या ६.५३ टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण १३६ डॉलर बसतो. शिक्षण खात्याच्या २०२३ च्या गेनफुल एम्प्लॉयमेंट नियमात (शिक्षणाचं कर्ज पुढच्या कमाईतून झेपतं का, हे बघणाऱ्या) एक मोजपट्टी होती: वर्षाचे हप्ते कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत हवेत. त्या हिशेबाने सुमारे २०,५०० डॉलर कमाई पुरते. इतकं तर डिझाइन सोडून दुसऱ्या कुठल्याही पूर्णवेळ नोकरीतही सुटतं. ही दोन वर्षं कोणाला बुडवत नाहीत. कर्जाचा डोंगर उभा राहतो तो तिसऱ्या वर्षी, महागड्या खासगी आर्ट स्कूलमध्ये गेलं तर. तिथली डिझाइनची पानं उघडून कमाई आणि कर्ज शेजारी ठेवून बघा. आमच्या यादीतली दोन नावं मी त्यावरूनच काढली, आणि लेकीलाही ते पटलं.

आता आम्ही ‘असिस्ट’ या कॅलिफोर्नियाच्या साइटवर कुठला विषय कुठल्या सीएसयू-यूसीत (कॅलिफोर्नियाच्या दोन सरकारी विद्यापीठ-समूहांत) चालतो ते तपासून मगच विषय घेतो. स्कोअरकार्डमध्ये एवढी एक सोय हवी: ट्रान्सफर होऊन पुढे पदवी घेतलेल्यांची कमाई पहिल्या कॉलेजच्या पानावरही दिसावी.

एच-४ वर (एच-१बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी: फेडरल कर्ज आणि पेल ग्रँट (केंद्र सरकारची परत न फेडायची मदत) तुमच्या मुलांना मिळत नाही, त्यामुळे या साइटवरचे हप्ते तुम्हाला लागू नाहीत. कॅलिफोर्नियात रहिवाशाची फी लागू होते का, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसकडून लेखी घ्या.