बुरशीच्या डीएनए टेस्टच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझाही मूर्खपणा आहेच, पण ओळखीतल्या अजून एकाकडे हेच लोक येऊन गेले कळल्यावर राहवलं नाही.

बेडरूमच्या कपाटात कुबट वास यायचा, मागच्या भिंतीला खालून पोपडे सुटलेले, त्यात आईचा खोकला काही जाईना. नेटवर शोधताना एक कंपनी सापडली, घरातल्या धुळीची डीएनए टेस्ट करून कुठली बुरशी आहे ते सांगतो म्हणे. डीएनए म्हटलं की आपण गप्पच होतो ना, आता शंकेला जागाच नाही असं वाटतं.

जो मुलगा आला त्याने पोपड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. स्टूल मागितलं, कपाटाच्या वर, जिथे आमचा वर्षानुवर्षं हात फिरलेला नाही, तिथे पांढरं फडकं फिरवलं, ते काळंकुट्ट झालेलं माझ्या नाकासमोर धरून "बघा मॅडम" म्हणाला आणि पिशवीत घालून निघून गेला. काही दिवसांनी रिपोर्ट आला. लाल अक्षरात स्कोअर १६, खाली ॲस्परजिलस, स्टॅकीबॉट्रिस असली नावं आणि समोर मोठमोठे आकडे. रात्रभर झोप नाही. सकाळीच फोन, आईंना त्या खोलीत झोपवू नका, गाद्या टाकून द्या, पूर्ण घराचं फॉगिंग करावं लागेल, आज ॲडव्हान्स भरला तर सवलत. भरला.

फॉगिंग झालं, त्याच कपाटावरून परत सॅम्पल घेतलं, स्कोअर २. आम्ही खूश. महिन्याभरात वास परत हजर!

मग मी जरा वाचायला लागले, जे आधी करायला हवं होतं. हा स्कोअर म्हणजे एर्मी, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या म्हणजे ईपीएच्या शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी काढलेला. धुळीत ३६ प्रकारच्या बुरश्यांचा डीएनए पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून मोजायची लॅबमधली पद्धत) मोजतात, त्यातल्या २६ ओलीच्या घरात वाढणाऱ्या, १० कुठल्याही घरात सापडणाऱ्या, पहिल्यांच्या बेरजेतून (आकड्यांचे लॉग घेऊन) दुसऱ्यांची बेरीज वजा करतात. म्हणजे नेहमीच्या बुरश्या कमी निघाल्या तरी स्कोअर चढतो. आणि तुलना कोणाशी, तर २००६ साली अमेरिकेतल्या १०९६ घरांमधून गोळा केलेल्या धुळीशी. धूळसुद्धा बेडरूम आणि हॉलच्या जमिनीवरून, ठरलेल्या मापाच्या जागेवर ५-५ मिनिटं व्हॅक्यूम फिरवून घ्यायची असते, कपाटाच्या डोक्यावरची नाही. हे संशोधनाचं साधन आहे, घरोघरी सरसकट वापरू नका, असं ईपीए स्वतःच सांगते, आणि बुरशी डोळ्याला दिसत असेल तर बहुतेक वेळा सॅम्पलची गरजच नाही असंही.

खरी मेख पुढे आहे. ही टेस्ट जिवंत आणि मेलेली दोन्ही बुरशी मोजते, त्यामुळे फवाऱ्याने बुरशी मेली तरी तिचा डीएनए लगेच कुठे जात नाही. मग १६ चे २ झाले कसे? फॉगिंगच्या आधी त्यांच्याच माणसांनी कपाटाचा वरचा भाग पुसून लख्ख केला होता, मी स्वतः बादलीत पाणी आणून दिलं होतं! धूळच नाही तर आकडा येणार कुठून. साप साप म्हणून भुई धोपटली आणि धोपटायचे पैसे आम्हीच दिले.

शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे नळ बंद करायला लावले आणि पाण्याच्या मीटरसमोर जाऊन उभा राहिला, काटा हळूहळू फिरतच होता. कपाटामागची भिंत बाथरूमची, आत पाइपचा जॉइंट गळत होता. जॉइंट बदलला, कपाट हलवलं, सडलेला प्लास्टर काढून भिंत पूर्ण सुकू दिली, वास गेला. आईच्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे वेगळं गेलो, ते तर पहिल्याच दिवशी करायचं होतं.

कोणी टेस्टवाला आला तर एवढं विचारा की सफाईचं काम पण तुम्हीच घेता का. हो म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी रिपोर्टचं शेवटचं पान काढायला सांगितलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय की फक्त या रिपोर्टवरून घराच्या दुरुस्तीचा किंवा तब्येतीचा कुठलाही निर्णय घेऊ नये.