कॉलेजमधला स्टार्टअप इलेक्टिव्ह: साडेतीन स्टार, त्यातला दीड मेसच्या काकूंचा

पुण्यात इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला हा इलेक्टिव्ह घेतला होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, ट्रान्सक्रिप्ट अजून त्यांच्याकडूनच काढायचंय. ज्युनियर्स सारखे विचारतात घेऊ का, घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकते.

स्कीम अशी की मेजर प्रोजेक्टच्या ऐवजी चौघांनी मिळून खरोखरचा स्टार्टअप करायचा, दोन सेमिस्टर, इनक्युबेशन सेंटरमध्ये (नव्या धंद्यांना जागा आणि मदत देणारं कॉलेजचं केंद्र) बसायला जागा, एक मेंटर आणि प्रोटोटाइपला, म्हणजे पहिला नमुना बनवायला, पंचवीस हजारांपर्यंत पैसे. (कॉलेज उपकार करतंय असं समजू नका, प्रोजेक्टच्या जागी स्टार्टअप धरता येईल हे केंद्र सरकारच्या २०१९ च्या नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसीतच लिहिलंय, अटेंडन्स कमी पडली तरी परीक्षेला बसू द्यायची सोय करावी असंही आहे, ते मात्र कोणी सांगत नाही.)

आमची आयडिया होती खाड्याची. मेसवर जेवलेल्यांना माहितीच असेल, गावी जाणार असलो की आदल्या दिवशी काकूंना खाडा सांगायचा, मग तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वळते होतात, आणि तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरणार नाही अशी पाटी भिंतीवर. सगळा हिशोब वहीत आणि महिनाअखेरीला ठरलेलं भांडण. आम्ही म्हणलं ॲप करू, पोरं दुपारी चारच्या आत खाडा टाकतील, काकूंना आकडा जाईल, कणीक तेवढीच मळली जाईल, अन्न वाया जाणार नाही. पहिल्या प्रेझेंटेशनला टाळ्या पडल्या.

पहिलं सेमिस्टर म्हणजे नुसत्या स्लाइडी. कॅनव्हास (धंद्याचा एकपानी आराखडा) भरा, पाच वर्षांच्या कमाईचं प्रोजेक्शन काढा, मार्केट साइज दाखवा. आम्ही पुण्यातले सगळे विद्यार्थी गुणिले महिन्याची मेस असा काहीतरी अब्जावधीचा आकडा टाकला होता, त्यावर सरांचा फीडबॅक काय, तर फाँट मोठा करा. या भागाला एक स्टार, तोही एसी चालू होता म्हणून.

दुसऱ्या सेमिस्टरला मेंटर बदलल्या. नवीन मॅडमचा स्वतःचा छोटा धंदा होता आणि त्यांचा एकच नियम, कोड लिहायच्या आधी पाच जणांकडून पैसे आणून दाखवा, शंभर रुपये असले तरी चालतील. मग आम्ही आमच्याच मेसच्या काकूंकडे गेलो, महिन्याला तीनशे रुपये द्या म्हणलं. काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, पोरं खाडा सांगायला विसरतात तेव्हा त्या ताटाचे पैसे मला राहतात. तू सगळ्यांना आठवण करून देणार आणि वर माझ्याकडूनच तीनशे मागणार?"

बास. सहा महिन्यांच्या चाळीस स्लाइडमध्ये हे कुठेच नव्हतं. आम्ही जो त्रास मिटवायला निघालो होतो तो पोरांचा होता, काकूंचा त्यात फायदाच होता, आणि पैसे मागत होतो काकूंकडे.

त्यानंतरचे दोन आठवडे मी या अख्ख्या डिग्रीत सगळ्यात जास्त शिकले. महिन्याचे ३२०० म्हणजे काकूंना एका ताटाचे जेमतेम पंचावन्न मिळतात, गेस्ट थाळी (महिना न लावता एका वेळचं जेवण) मात्र नव्वदला जाते, आणि आजूबाजूला पीजीत राहणारे जॉबवाले असे असतात की ज्यांना महिना लावायचा नसतो पण अधूनमधून घरचं जेवण हवं असतं. म्हणजे खाडा आधी कळला तर ते ताट गेस्टला विकता येतं. एवढं सांगितल्यावर काकूंनी तीनशे काढून दिले, शिवाय शेजारच्या मेसवाल्यांना पण सांगितलं. ॲप शेवटपर्यंत झालंच नाही, गुगल फॉर्म आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललं. एकूण पाच मेस, सगळे मिळून ५१०० रुपये.

आता तक्रारी. ते पंचवीस हजार आधी स्वतः खर्च करून मग मिळतात, जीएसटीचं बिल लागतं आणि जरा मोठ्या वस्तूला तीन कोटेशन. आमचा निम्मा खर्च पेट्रोल, झेरॉक्स आणि चहाचा, त्याची कसली बिलं. हातात आले ६४००. दुसरं म्हणजे सही करायचा कागद नीट वाचा. त्या पॉलिसीप्रमाणे कॉलेजला स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो, साडेनऊच्या वर नको, म्हणजे उद्या काही लफडं झालं तर लीगल लायबिलिटी कॉलेजवर येत नाही. (आमच्या ५१०० चे साडेनऊ टक्के ४८४ रुपये होतात. हिस्सा कंपनीत असतो, कमाईत नसतो, माहितीये, तरी हिशोब करून हसलो.)

एका गेस्ट लेक्चरवाल्याने लगेच प्रायव्हेट लिमिटेड करा म्हणून डोकं खाल्लं होतं, मॅडमनी अडवलं ते बरं झालं, कारण धंदा शून्य असला तरी दरवर्षी ऑडिट आणि फायलिंग करावंच लागतं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) सरकारी साइटवर फुकट होतं, त्याचे पैसे घेणाऱ्या साइट्स गुगलवर भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

सेंटरच्या भिंतीवर आयडियाफोर्जचा फोटो लावलाय. आयआयटी बॉम्बेची पोरं, तिथल्याच साइन इनक्युबेटरमधून वर आली, ड्रोन बनवतात. पण कंपनी २००७ ची आणि शेअर बाजारात आली २०२३ ला, सोळा वर्षं लागली. आपल्याकडे आठव्या महिन्यात डेमो डे (सगळ्यांसमोर स्टार्टअप दाखवायचा दिवस) आणि तिथे विचारतात स्केल कसं करणार, म्हणजे धंदा मोठा कसा करणार.

घ्यायचा असेल तर मेंटर कोण आहे ते आधी काढा, सिलॅबस बघू नका. आणि हॉस्टेलच्या पोरांवर चालणारी आयडिया असेल तर ॲकॅडमिक कॅलेंडर पहिल्या दिवशीच उघडा, परीक्षा संपून पोरं घरी गेली की अख्खी मेस रिकामी होते, मग खाडाही नाही आणि गेस्टला विकायला ताटही नाही.