बिनपायडलची सायकल, नऊ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत लेकीसाठी बारा इंची बॅलन्स सायकल घेतली. पायडल नाही, चेन नाही, ब्रेकही नाही. पोरानं वर बसून पायांनी ढकलत न्यायची. मनू तेव्हा साडेतीन वर्षांची होती, आता सव्वाचारची आहे. किंमत पडली तीन हजार आठशे. घ्यायच्या आधी जेवढे अभिप्राय वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले, 'मुलगा एकदम खूश' छापाचे. नवीन खेळणं आणलं की आठवडाभर कुठलंही पोर खूशच असतं. म्हणून मी मुद्दाम थांबून लिहितेय.

आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही, गल्लीत मोटरसायकलींची रांग, त्यामुळे बालवाडीतून आली की मनू थेट टीव्हीसमोर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 मिनिटं तरी जरा दमवणारी, आणि स्क्रीन तासाच्या आत, असं आहे. 180 आकडा बघून मलाच घाम फुटला. नंतर कळलं की हे सगळं एकदम करायचं नसतं. जिना चढणं, नाचणं, इकडून तिकडं पळणं, दिवसभरातलं सगळं यात धरतात. तरीही एका शनिवारी मी मनातल्या मनात बेरीज केली तर ती तासाच्या पुढं जाईना.

आधी छोटा ट्रॅम्पोलिन आणला होता. खालच्या काकूंचा पंखा हलायला लागला म्हणून पहिली तक्रार आली, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना घरगुती ट्रॅम्पोलिनला नकोच म्हणते हे वाचल्यावर तो गेला माळ्यावर. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

सायकल आली तेव्हा आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, खोक्याकडं बघून म्हणाले, "पायडल न्हाई ती कसली सायकल गं?" मी त्यांना सांगितलं, आबा, 1817 साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसानं पहिली दुचाकी केली तिलाही पायडल नव्हतं, मोठी माणसं पायांनी ढकलत जायची. "मग त्यांना कुणी पायडल लावून दिलं न्हाई, आपण कशाला तसंच घ्यायचं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. जोडणीची चित्रं इतकी बारीक की मी पुढच्या चाकाचा चिमटा उलटा बसवला. दोन दिवस सायकल वाकडीतिकडी पळत होती, शेवटी गल्लीतल्या सायकलवाल्यानं दोन मिनिटांत सरळ केला आणि पैसेही घेतले नाहीत.

पहिले पंधरा दिवस ती सीटवर बसलीच नाही, सायकल दोन पायांत धरून नुसती चालत होती. चूक माझी, सीट उंच होती. पोराचे दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकले पाहिजेत. दोन बोटं खाली घेतली आणि त्याच संध्याकाळी बसली. मग लांब टांगा टाकायला लागली. डिसेंबरात एका रविवारी विद्यापीठाच्या रुंद रस्त्यावर तिनं दोन्ही पाय उचलले आणि सात-आठ हात तशीच गेली. मागं वळून बघायला गेली आणि पडली, ते वेगळं.

इथवर सगळं छान होतं. जानेवारीत मी माती केली. मोबाइलवर टायमर, गच्चीवर रोज दहा फेऱ्या, फेऱ्या पूर्ण झाल्या की भिंतीवरच्या तक्त्यावर स्टिकर. आठ दिवस तक्ता चमकला. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "स्टिकर संपले, आता बसू?" आणि सायकल पंधरा दिवस दाराआड पडून राहिली.

ती बाहेर काढली आबांनी. आबा रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातात, समोर म्हैस पिळून दूध देतात तिथं. मनू त्यांच्याबरोबर जायची, त्यामुळे दूधवाले तिच्या ओळखीचे. आबांनी एक छोटी किटली पाण्यानं भरून सायकलच्या हँडलला अडकवली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले. "काय हो दूधवाल्या, आज उशीर?" झालं! मनू निघाली. एका बाजूला किटली असल्यानं हँडल उजवीकडं ओढत होतं, पाणी सांडून गच्चीभर ओली रेघ. मग दोन्ही बाजूंना किटल्या आल्या, खऱ्या दूधवाल्यांसारख्या. सांडू नये म्हणून ती आपोआप हळू वळायला शिकली, हे मी दहा फेऱ्यांत शिकवू शकले नव्हते. आबा दूध मापून घेतात, पाणी घातलंय म्हणून भांडतात, उधारी लिहून ठेवतात. पाऊण तास कुठं जातो कळत नाही. घरात 'व्यायाम' हा शब्द तेव्हापासून बंद आहे.

हेल्मेटचंही असंच. नको म्हणून रडायची. आबांनी 'पैलवानाला फेटा बांधतात तसा तुझा फेटा' म्हणून सांगितलं, आता फेट्याशिवाय निघत नाही. भुवईच्या वर दोन बोटं राहतील एवढं खाली घाला, मागं सरकलेलं हेल्मेट कामाचं नाही.

आता तक्रारी. सीटचा क्लॅम्प भिकार आहे, दर आठवड्याला सीट खाली सरकायची. शेवटी सायकलवाल्याकडून चाळीस रुपयांत दुसरा बसवला. ब्रेक नसल्यानं मनू डाव्या पायाचं बोट घासून थांबते. नऊ महिन्यांत तीन जोड बूट गेले, तिन्हींचा डावा अंगठा फाटलेला. चप्पल घालून देऊच नका. सायकल चार किलोची आहे आणि तेव्हा पोरगी तेरा किलोची होती; रंकाळ्यावरून परत येताना ती दमली की सायकल माझ्या खांद्यावर आणि ती माझ्या बोटाला. आणि टायर फोमचे आहेत. पंक्चर नाही, ही जाहिरात खरी, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गच्चीवर शेवाळ धरलं, तेव्हा दोनदा सरळ घसरली. सायकल सध्या बंद.

पावसात मग घरात आबांच्या बैठका चालतात. ते पंचवीस मारतात, मनू शेजारी उभी राहून मोजते आणि मध्येच स्वतःही मारते, तिच्या मोजणीत चौदानंतर थेट सतरा येतात. गादीवर बेडूकउड्या, पॅसेजमधे फुटबॉल, कारण शिवाजी पेठेत राहून फुटबॉल घरात आला नाही असं होत नाही. रात्री जेवताना कार्टून अजून लागतं, ते मी लपवत नाही.

सीट आता शेवटच्या खुणेवर आली आहे, दिवाळीपर्यंत पुरेल. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हवेच्या टायरचीच घेईन. पंक्चर झालं तर गल्लीत सायकलवाला आहेच, त्याचे दोन मिनिटांचे पैसे द्यायचेही राहिलेत.