अक्षरांची दिंडी काढायला ईथरपॅड

अक्षरचित्र एकाने काढायचं आणि बाकीच्यांनी वाहवा करायची, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून यंदा पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या तेव्हा सुलेखनाच्या वर्गातल्या मुलांना मी ईथरपॅडवर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी लिहिता येईल अशा ऑनलाइन पानावर, लिहायला बसवलं. कुणी सदाशिव पेठेत, कुणी धायरीत, एक मुलगी नागपूरला मामाकडे, पण सगळी एकाच पानावर.

ईथरपॅड २००८ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी गूगलने ते बनवणारी कंपनी घेतली आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. आता ते कुणीही आपल्या सर्व्हरवर फुकट बसवू शकतं. आमच्यासाठी एका मुलाच्या बाबांनी बसवून दिलं. लिंक उघडली की थेट लिहायचं, खातं-बितं काही नाही.

‘ज्ञानबा’, ‘तुकाराम’, ‘विठ्ठल’ एवढ्याच शब्दांतून दिंडीच्या रांगा काढायच्या होत्या. माउलींची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबांची नाना पेठेत, म्हणून दोन रांगा शेजारी शेजारी काढायचा बेत होता. इथे देवनागरीचा स्वभाव आड येतो. इंग्रजी अक्षरचित्रात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं, त्यामुळे उभ्या ओळी जुळतात. ईथरपॅडच्या सेटिंगमध्ये तसा फाँट निवडता येतो, पण देवनागरीसाठी ब्राउझर दुसराच फाँट उचलतो. त्यात ‘र’ अरुंद आणि ‘ज्ञ’ रुंद. शिवाय विंडोजवर एक फाँट, फोनवर दुसरा, म्हणजे उजवीकडची रांग प्रत्येकाला वेगळ्या जागी दिसणार. मग आम्ही रांगा एकीखाली एक घेतल्या आणि वळणं फक्त ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडून काढली. डावी कड पक्की राहते, आणि तेवढ्यावर झकास चित्र होतं.

प्रत्येकाच्या अक्षरांमागे त्याचा त्याचा रंग येतो, त्यामुळे दिंडीत कोण कुठे चाललंय ते लगेच कळतं. पण या पानाचं खरं वैभव म्हणजे टाइमस्लायडर. पट्टी मागे ओढली की चित्र पहिल्या अक्षरापासून पुन्हा घडताना दिसतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डने सावकाश टाइप केलेला ‘विठ्ठल’ तर बघत राहावा: आधी ठ, मग पाय मोडलेला ठ, मग जोडाक्षर. फळ्यावर जोडाक्षर कितीही वेळा समजावलं तरी ते असं डोळ्यांसमोर उभं राहत नाही. माझ्या मते शिकवणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी हे वापरावंच.

एक जपा. लिंक असलेला कुणीही दुसऱ्याचं खोडू शकतो. पुसलेलं टाइमस्लायडरमधून कॉपी करून परत आणता येतं, तरी दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि चित्र छापायचं असेल तर ज्या मशीनवर ते मनासारखं दिसतंय, तिथूनच स्क्रीनशॉट घ्या. नुसता मजकूर उतरवलात तर रंग येत नाहीत.