मिशिगनच्या हिवाळ्यात घरचा हॉट टब: टबपेक्षा जागेचाच अनुभव जास्त

हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा टब, घ्यायला दुकानात शिरलं की विक्रेता आधी जेट्स, म्हणजे पाण्याचे जोरदार झोत सोडणारी तोंडं, मोजायला लावतो. हे ४० जेट्सचं मॉडेल, हे ५६ चं, यात तळपायांसाठी वेगळे, त्यात मानेवर पडणारा धबधबा. एक अख्खा हिवाळा टब वापरून झाल्यावर सांगते, आमच्या टबला किती जेट्स आहेत ते मला आता मोजूनच सांगावं लागेल. मागच्या दारापासून टबपर्यंत किती चालावं लागतं, झाकण कुठल्या बाजूला उलटतं आणि छपराच्या पन्हळीचं पाणी कुठे गळतं, हे मात्र दर वेळी जाणवतं. त्यामुळे हा रिव्ह्यू टबचा कमी आणि टब ठेवायच्या जागेचा जास्त आहे. ब्रँडची तुलना हवी असेल तर इथे काही मिळणार नाही.

आमचं घर डेट्रॉइटच्या उपनगरात. मागे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीचा लाकडी डेक, पुढे गवत. टब सात फूट बाय सात फूट, तीन फूट उंच, पाच जण नीट बसतात.

"डेकवर ठेवून द्या, सगळे तेच करतात," हे विक्रेत्याचं पहिलं वाक्य. आता हिशेब बघा. रिकामा टब साधारण ८०० पौंड. त्यात ३९० गॅलन पाणी. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे सव्वातीन हजार पौंड नुसतं पाणी. वर पाच माणसांचे ८०० धरा. एकूण ४,८५० पौंड, म्हणजे २,२०० किलो, आणि हे सगळं ४९ चौरस फुटांवर. चौरस फुटाला जवळजवळ १०० पौंड झाले. इथले घरगुती डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंडांचा भार धरून बांधतात. खाली जादा खांब आणि तुळया देऊन डेक मजबूत करता येतो, पण त्यासाठी इंजिनिअरचं डिझाइन आणि वेगळं परमिट लागतं. त्या खर्चात जमिनीवर चांगला स्लॅब होतो. आम्ही डेकला लागून, पायरी उतरली की लगेच, स्लॅब घालायचं ठरवलं.

जागा ठरली की खणण्याआधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या वीज-गॅस-पाण्याच्या लाइनी कुठून जातात ते दाखवून देतात. अमेरिकेत सगळीकडे हाच नंबर. मिशिगनमध्ये या सेवेला 'मिस डिग' म्हणतात. पैसे पडत नाहीत, फक्त तीन कामाचे दिवस आधी कळवायचं. मग माणसं येऊन गवतावर रंगाच्या रेघा मारून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन आणि केबल, हिरवा सांडपाणी. आम्ही मनात धरलेल्या जागेच्या एका कोपऱ्यातूनच पिवळी रेघ गेली, म्हणून स्लॅब चार फूट पूर्वेला सरकवला. एक लक्षात ठेवा, ते फक्त कंपन्यांच्या मालकीच्या लाइनी दाखवतात. मीटरच्या पुढे ग्रिलसाठी तुम्ही ओढून घेतलेली गॅसची नळी किंवा लॉनच्या स्प्रिंकलरचे पाइप त्यात येत नाहीत. ते शोधणं आपल्या नशिबी.

स्लॅब १० फूट बाय ८ फूट, चार इंच जाड, खाली चार इंच खडी ठोकून बसवलेली, आत सळई. टब सात फुटी असताना दहा फूट कशाला, असं काँट्रॅक्टरने विचारलं होतं. पायऱ्याही काँक्रीटवरच बसाव्यात म्हणून. गवतावर ठेवलेल्या पायऱ्या पहिल्या थंडीतच कलंडतात, हे शेजाऱ्यांकडे पाहिलं होतं. माल लागला जवळजवळ एक क्युबिक यार्ड. मिक्सरचे ट्रकवाले एवढ्याशा मालाला कमी भरल्याचे जादा पैसे लावतात. पिशव्या आणून घरी कालवायचं म्हटलं तर ८० पौंडी पिशवीतून ०.६ घनफूट माल निघतो, म्हणजे ४५ पिशव्या. आम्ही मुकाट्याने जादा पैसे दिले.

खडी आणि फरशा, म्हणजे इथले पेव्हर, यांवरही टब ठेवतात. पण मिशिगनमध्ये जमीन खोलवर गोठते. इथे घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो तो त्यासाठीच. गोठताना माती फुगते. अखंड स्लॅब उचलला गेला तरी एकसंध उचलला जातो. सुट्या फरशा एकेक करून वरखाली होतात आणि भरलेल्या टबचा एक कोपरा अधांतरी राहिला की कवचाला चीर जाऊ शकते. दाबलेल्या बारीक खडीचा चौथरा त्यामानाने बरा आणि स्वस्तही. फरशांवर मात्र मी ठेवणार नाही.

स्लॅब पडला तेव्हा आई-बाबा इथेच होते. बाबा साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. काँट्रॅक्टर "सात दिवस वर काही ठेवू नका" एवढं सांगून गेला, तसे बाबा अस्वस्थ. "अगं, पण पाणी कोण मारणार?" इथे गोणपाट मिळेना, तेव्हा आईने काढून ठेवलेल्या जुन्या चादरी त्यांनी स्लॅबवर अंथरल्या, कडांना विटा ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ होजपाइपने भिजवत राहिले. दुपारी ऊन चढलं की एक चादर उचलून खाली तळहात टेकवून बघायचे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, म्हणून टबची तारीखही त्यांनी महिनाभर पुढे ढकलायला लावली. दुकानवाला वैतागला. हिवाळ्यानंतर आज स्लॅबवर एक केसाएवढीही भेग नाही. थोडं श्रेय चादरींना द्यायला हरकत नाही. आणखी एक: नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ टाकू नका, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. आम्ही वाळू टाकली.

आता विजेचं. सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच चालते. 'प्लग लावा आणि बसा' म्हणून विकले जाणारे १२० व्होल्टचे टब असतात. त्यांचा हीटर एक-दीड किलोवॉटचा, आणि बहुतेकांत जेट्स जोरात चालू असताना हीटर बंदच राहतो. आमचं ३९० गॅलन पाणी ५५ अंश फॅरनहाइटवरून १०२ वर न्यायला साधारण ४५ युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॉटचा हीटर ते आठ-नऊ तासांत करतो. एक किलोवॉटचा जवळजवळ दोन दिवस घेईल, तेही वाटेत उष्णता वाया गेली नाही तर. फ्लोरिडात चालेल, मिशिगनच्या जानेवारीत नाही.

२४० व्होल्टचा म्हटला की ५० अँपिअरचा जीएफसीआय ब्रेकर (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा), सहा गेज जाडीच्या तांब्याच्या तारा आणि टबवरून डोळ्यांना दिसेल असा बंद करण्याचा वेगळा स्विच, पण टबच्या आतल्या कडेपासून किमान पाच फूट दूर. टबमध्ये बसून कुणाचा हात स्विचला लागू नये, आणि दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तो समोर दिसावा. घराचं मुख्य पॅनेल १०० अँपिअरचं असेल आणि गॅरेजमध्ये गाडीचा चार्जरही असेल, तर आधी लोड मोजून घ्या. पॅनेल बदलायची वेळ आली तर अख्खं बजेट कोलमडतं. आमचं २०० चं होतं म्हणून सुटलो.

तीन इलेक्ट्रिशियननी भाव दिले. सगळ्यात स्वस्त होता तो म्हणाला, परमिटच्या भानगडीत कशाला पडता, शनिवारी येऊन उरकून टाकतो. त्याला तिथेच नमस्कार केला. पाणी आणि वीज एका जागी येतात तिथे इन्स्पेक्टरची नजर मला हवीच होती, आणि उद्या घर विकताना हा कागद विचारतातच. परमिट काढलं की प्लास्टिकच्या पाइपसाठी १८ इंच खोल चर खणायचा आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत उघडा ठेवायचा. आमचा नेमका पावसाने भरला. इन्स्पेक्टर बाईंनी काठावर उभं राहून टेप पाण्यात बुडवली, खोली मोजली आणि सही केली.

टब घरापर्यंत येतो, पण मागे कसा जातो हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आडवा येत नाही, कुशीवर उभा करून ढकलगाडीवरून आणतात. म्हणजे सात फूट रुंदीची झाली उंची, वर गाडीचे काही इंच, आणि तीन फूट उंचीची झाली रुंदी. वाट चार फूट मोकळी हवी आणि वर आठ-नऊ फूट. आमच्या घराच्या एका बाजूला एसीचं बाहेरचं युनिट, दुसऱ्या बाजूला गॅसचा मीटर. मीटरच्या बाजूने गेलो. कुंपणाचं एक पॅनेल काढलं, मेपलची एक फांदी छाटली. दोन माणसं आली. ओल्या गवतात चाकं रुतू नयेत म्हणून प्लायवूडचे तक्ते पुढे टाकायचे, टब सरकवायचा, मागचे तक्ते उचलून परत पुढे. मीटरपाशी पोचल्यावर एकाने टबला खांदा दिला, दुसऱ्याने मीटर आणि टब यांच्यामध्ये आपला तळहात उभा धरला आणि तेवढ्याच फटीतून तो बाहेर काढला. करार वाचून घ्या: 'कर्बसाइड डिलिव्हरी' असेल तर टब रस्त्याच्या कडेला उतरवून ट्रक निघून जातो. आमच्या ओळखीतल्या एकांना शेवटी क्रेन बोलवावी लागली.

बसवताना दोन बाजू सांभाळा. मोटर आणि हीटरचं दार ज्या बाजूला आहे तिथे दोन-तीन फूट मोकळे हवेत, आणि झाकण उचलायचा दांडा लावणार असाल तर मागे दीड-दोन फूट. दुकानात दांडा विकला, पण ही जागा लागते हे सांगितलं नाही. आमच्याकडे मोठा स्लॅब होता म्हणून निभावलं. झाकण कुलूपवालं आणि एएसटीएम एफ १३४६ या सुरक्षा-मानकाचा शिक्का असलेलंच घ्या. लहान मुलं असलेल्या घरात हे ऐच्छिक नाही, आणि बऱ्याच ठिकाणी असं झाकण असलं की टबभोवती वेगळं कुंपण मागत नाहीत. तुमच्या गावचा नियम आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची परवानगी आधी विचारा. पाणी भरताना पाइप फिल्टरच्या खाचेत सोडा, नाहीतर पंपात हवा अडकते, आणि टब पूर्ण भरेपर्यंत ब्रेकरला हात लावू नका.

वापराबद्दल. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'बंब' ठेवलं आणि घरात तेच रुळलं. नरकचतुर्दशीला धाकट्याची कल्पना अशी की अभ्यंगाचं तेल लावून थेट बंबात उतरायचं. अजिबात नाही. तेल, उटणं, लोशन, कपड्यांत राहिलेला साबण, हे सगळं पाण्यात फेस आणि कडेला मेणचट थर धरतं, फिल्टर चोंदतो. आमच्याकडे नियम आहे: आधी आंघोळ, मग टब. खोबरेल लावलेल्या केसांना प्रवेश नाही. यावरून आईशी दोनदा वाद झाला. तापमान जास्तीत जास्त १०४ अंश, म्हणजे ४० सेल्सिअस. बाबांना बीपीची गोळी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांच्यासाठी १०० वर आणि दहा मिनिटंच. गरोदर बायका आणि हृदयरोग असलेल्यांनीही विचारूनच बसावं. पाच वर्षांखालच्या मुलांना नाहीच.

पाण्याची देखभाल वाटते तेवढी जड नाही. पाणी तपासायची पट्टी बुडवून बघायचं आणि क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाखात तीन भाग), पीएच ७ ते ७.८ च्या मधे ठेवायचा. पाणी दर तीन-चार महिन्यांनी बदलायचं, आणि इथेच मिशिगनची मेख आहे: बाहेरचा नळ थंडीत बंद करून रिकामा करावा लागतो, नाहीतर फुटतो. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी ताजं पाणी भरून घ्या, म्हणजे मार्चपर्यंत बघावं लागत नाही.

जानेवारीचं बिल आदल्या वर्षीपेक्षा ५५-६० डॉलरने जास्त आलं. आमच्याकडे युनिट १८-२० सेंटला पडतं. वीज जाण्याची धास्ती खरी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत इथे बर्फाच्या वादळात लाखो घरांची वीज गेली होती, काहींची कित्येक दिवस. झाकण बंद असलं तर एवढं पाणी सहजासहजी गोठत नाही, पण बाजूच्या बारीक पाइपांना धोका असतो. आम्ही छोटा जनरेटर घेऊन ठेवलाय, अजून वापरायची वेळ आलेली नाही.

आणि दारापासून टबपर्यंतची ती पावलं. शून्याखालच्या थंडीत ओल्या अंगाने बारा फूट चालता येतं. ज्या मित्रांनी देखावा चांगला म्हणून अंगणाच्या टोकाला टब ठेवला, ते डिसेंबरनंतर झाकण उघडतच नाहीत. आधी तिथवर बर्फ कोण उपसणार? आमचा टब घराच्या कोपऱ्याआड आहे, त्यामुळे वायव्येचा वारा अडतो. वर छपराची कड नाही, म्हणून बर्फाची लादी डोक्यावर घसरत नाही. दाराशी टॉवेलाचे हूक आणि पायरीला कठडा, एवढ्या दोन स्वस्त गोष्टींनी जितकी सोय झाली तितकी एकाही महागड्या जेटने केली नाही.

वापरलेला टब घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. घ्या, पण विकणाऱ्याच्या घरी पाणी भरलेला, तापलेला आणि चालू असतानाच बघा. खाली वाकून बाजूचं दार उघडायला लावा, आत ओल दिसली तर परत फिरा. आणि भाव ठरवताना तो त्यांच्या अंगणातून बाहेर काढायचा खर्च धरा; बऱ्याचदा लोक फुकट देतात ते त्याच्याचसाठी.